मिलवॉकीचे टॅव्हर्न, शुक्रवारचे मासे आणि संध्याकाळचा चखणा

सप्रेम नमस्कार.

चिंचवडची नोकरी सोडून येत्या ऑगस्टमध्ये आपण सहकुटुंब मिलवॉकीला येत आहात. घर, शाळा, विमा यांची माहिती जमवून झाल्यावर आपण जे विचारले आहे ते निघण्यापूर्वी सहसा कोणी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपला प्रश्न थोडक्यात असा: नव्या कचेरीतील मंडळी शुक्रवारी ‘फिश फ्राय’ला आणि एरवी ‘हॅपी अवर’ला, म्हणजे पेये स्वस्त मिळण्याच्या ठरावीक वेळेला, जातात हे मुलाखतीतच आपल्या कानावर आले, शिकागोच्या आपल्या मावसभावाने मात्र हॅपी अवरला इकडे बंदी असते असे सांगितले, आपण मासे खाता, क्वचित बिअर घेता, पण पत्नी पूर्ण शाकाहारी असून त्यांना अंडेही चालत नाही, आणि मुलगी सात वर्षांची आहे. तेव्हा या जागा असतात तरी कशा, तिथे कुटुंब नेता येते का, काय मागवावे, खर्च किती येतो, आणि न पिणाऱ्याची तिथे कुचंबणा होते का? मी मूळची रत्नागिरीची, गेली चौदा वर्षे या शहरात राहते, आणि पहिली दोन वर्षे या जागांकडे केवळ बाहेरून पाहून मी मोठी चूक केली. ती आपल्याकडून होऊ नये.

चूक अशी, की दारावर बिअरच्या कंपनीची दिव्यांची पाटी, आत मंद उजेड आणि खिडक्या अर्ध्या झाकलेल्या, असे दिसले की माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडची परमिट रूम उभी राही. परमिट रूममध्ये शिरणारा माणूस इकडेतिकडे पाहून शिरतो, आणि घरच्यांना नेलेच तर ‘फॅमिली रूम’ नावाच्या वेगळ्या दालनात बसवतो. मिलवॉकीतील टॅव्हर्न तसा नसतो. गोव्यातील खेड्यातल्या जुन्या तावेर्नात ज्यांनी संध्याकाळ घालवली आहे त्यांना त्याची थोडीफार कल्पना येईल: मालक काउंटरमागे, समोर शेजारीपाजारी, आणि बोलणे पावसापासून निवडणुकीपर्यंत कशावरही. इथे त्याच काउंटरपासून दहा पावलांवर लहान मुलांची उंच खुर्ची ठेवलेली असते आणि आजी नातवाला मासे भरवत असते. मिलवॉकी ज्या राज्यात आहे त्या विस्कॉन्सिनच्या कायद्याने आईवडिलांबरोबर आलेल्या मुलाला अशा जागेत बसता येते. इतकेच काय, आईवडिलांच्या संमतीने त्यांच्यासमोर त्याला पेयही देता येते, हे वाचून मी थक्क झाले होते. एरवी पिण्याचे वय देशभर आहे तेच, एकवीस. कायद्याने परवानगी असली तरी एखाद्या मालकाचा स्वतःचा नियम अधिक कडक असू शकतो, विशेषतः रात्री नऊनंतर. म्हणून मुलीला घेऊन जाताना आधी फोन करून विचारणे बरे.

इतके टॅव्हर्न इथे का, याचे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर या जर्मन स्थलांतरितांच्या बिअर कंपन्या इथल्याच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कंपन्यांनी कामगार वस्त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यावर स्वतःच्या इमारती बांधून फक्त आपलीच बिअर विकणारी दुकाने चालवायला दिली. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात कंपन्यांचे आणि दुकानांचे कंबरडे मोडले. पुढे श्लिट्झचा इथला कारखाना १९८१ साली आणि पॅब्स्टचा १९९६ साली बंद झाला. पण कोपऱ्यावरच्या इमारती राहिल्या. बे व्ह्यू भागात किंवा शहराच्या दक्षिण बाजूला फिरताना विटांच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या माथ्यावर पट्टा गुंडाळलेला पृथ्वीचा गोल दिसला, तर ती एकेकाळची श्लिट्झची इमारत समजावी. त्यांतल्या काहींमध्ये आज उत्तम खायला मिळते.

आता हॅपी अवर. मावसभावाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. ते शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या जुन्या कायद्याबद्दलचे आहे. तिथे १९८९ साली ठरावीक तासांपुरती मद्याची किंमत उतरवण्यावर बंदी आली आणि ती २०१५ साली शिथिल झाली. आताही तिथे अशी सवलत दिवसाला चार तास आणि आठवड्याला पंधरा तास एवढ्या मर्यादेतच देता येते. विस्कॉन्सिन हे वेगळे राज्य आहे आणि या बाबतीत फारच सैल आहे. शिकागो इथून जेमतेम दीडशे किलोमीटर, रेल्वेने दीड तासाच्या अंतरावर, पण दारूचा कायदा राज्याची सीमा ओलांडताच बदलतो. इलिनॉयच्या शेजारच्या इंडियाना राज्यात तर २०२४ च्या जुलैपर्यंत हॅपी अवरला परवानगीच नव्हती.

मिलवॉकीत साधारणपणे सोमवार ते शुक्रवार, दुपारी तीन ते सहा या वेळेत पेये एक-दोन डॉलरने उतरतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्याबरोबर खाण्याचे लहान जिन्नसही स्वस्त होतात, काही ठिकाणी निम्म्या किमतीत मिळतात. मराठीत याला ‘चखणा’ म्हणावे, पण आपला चखणा शेंगदाणे, चकली, फार तर मसाला पापड इथवर थांबतो. इथला चखणा दोन-तीन जिन्नस मागवले की जेवण होईल एवढा असतो. तळलेले चीज कर्ड (म्हणजे दही नव्हे, कोवळ्या चीजचे लहान गोळे), जाड मिठाचा मोठा प्रेत्झेल (वेटोळ्याचा भाजलेला पाव) आणि त्याबरोबर बिअर घातलेले पातळ चीज, कोंबडीचे तळलेले पंख, लहान टाको, बटाट्याच्या फोडींवर वितळवलेले चीज. याखेरीज आठवड्याचे वार लागलेले असतात: मंगळवारी टाको, बुधवारी बहुधा पंख, शुक्रवारी मासे. एखाद्या फळ्यावर ‘मीट रॅफल’ असे लिहिलेले दिसले तर दचकू नये. तिकिटे काढून मांसाचे पुडे जिंकण्याची ती सोडत आहे आणि पैसे बहुधा एखाद्या मुलांच्या संघाला किंवा स्थानिक मंडळाला जातात. आमच्या शाकाहारी मित्राने पहिल्याच फेरीत डुकराच्या मांसाचे तीन किलो जिंकले होते. ते त्याने शेजारच्या टेबलाला दिले, आणि त्या टेबलावरची माणसे आजही त्याला नाताळात पत्र पाठवतात.

हॅपी अवरचे पोटनियम कुठेही ठळक छापलेले नसतात, म्हणून ते इथे लिहिते. पहिल्या वर्षी, माहेरची माणसे आली असताना, मी मोठ्या उत्साहाने आठ जणांना घेऊन एका उपाहारगृहात गेले, यादीतले स्वस्त जिन्नस मागवले आणि बिल आले ते पूर्ण दराचे. सवलत फक्त काउंटरच्या उंच स्टुलांवर आणि त्यालगतच्या लहान टेबलांवर बसणाऱ्यांसाठी होती. आम्ही भोजनकक्षात बसलो होतो. तेव्हापासून बसण्यापूर्वी ‘ही किंमत या टेबलावर लागू आहे का’ हे मी विचारते, आणि विचारण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. तसेच सवलतीचे पदार्थ बांधून नेण्यासाठी सहसा मिळत नाहीत (उरलेले मात्र डब्यात भरून देतात), आणि सहाला दोन मिनिटे कमी असताना सांगितलेला पदार्थ जुन्या दरात धरायचा की नाही हे बार्टेंडरच्या मर्जीवर असते. ही मर्जी कशी राखावी, ते टिपच्या हिशेबात येते.

टिप ही इथे बक्षिशी नाही, पगार आहे. विस्कॉन्सिनमध्ये किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर असले तरी टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी २.३३ डॉलर दिले तरी कायद्याला चालते, कारण बाकीची रक्कम गिऱ्हाईक भरून काढेल असे गृहीत धरलेले असते. त्यामुळे अठरा ते वीस टक्के टिप द्यावीच, आणि हॅपी अवरमध्ये ती सवलतीच्या नव्हे तर मूळ किमतीवर मोजावी. वाढणाऱ्याचे श्रम निम्मे झालेले नसतात. काउंटरवर एकच पेय घेतले तर एक-दोन डॉलर ठेवतात. यादीतील किमतीत कर धरलेला नसतो. मिलवॉकी शहरात विक्रीकर २०२४ च्या जानेवारीपासून एकूण ७.९ टक्के झाला, आणि बाहेरच्या खाण्यापिण्यावर आणखी अर्धा टक्का लागतो. म्हणजे यादीत शंभर डॉलर दिसले तर कर आणि वीस टक्के टिप धरून खिशातून एकशे अठ्ठावीस जातात. रुपयांत गुणाकार करण्याची सवय मात्र पहिल्या महिन्यातच सोडावी, नाहीतर घशाखाली घास उतरत नाही.

माझ्या मते या शहराची खरी ओळख हॅपी अवर नसून शुक्रवारचा फिश फ्राय आहे, आणि त्यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे. इथे स्थायिक झालेले जर्मन आणि पोलिश लोक मोठ्या संख्येने कॅथलिक होते, आणि कॅथलिकांना त्या काळी वर्षभर शुक्रवारी मांस वर्ज्य होते. मासा मांसात मोजला जात नसे. मिशिगन सरोवर दाराशी असल्यामुळे मासा स्वस्त होता. दारूबंदी आली तेव्हा टॅव्हर्नवाल्यांना गिऱ्हाईक टिकवण्यासाठी खाणे विकावे लागले आणि शुक्रवारचा तळलेला मासा हा त्यांचा मोठा आधार झाला. १९६६ साली अमेरिकेतील बिशपांनी लेंटचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाचे, दिवस वगळून इतर शुक्रवारांचे बंधन सैल केले. तोवर शहराला सवय लागलेली होती, आणि आता ज्यांचा चर्चशी काहीही संबंध नाही तेही शुक्रवारी पाच वाजता रांगेत उभे असतात. व्रताच्या नावाने पोटभर तळलेले खाण्याची ही रीत पाहून मला ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ आठवते, आणि कोकणी माणसाने त्याबद्दल तक्रार करण्याचे काहीच कारण नाही.

थाळी ठरलेली असते. पिठात घोळवून तळलेला मासा, राय धान्याच्या काळसर पावाचा तुकडा आणि लोणी, किसलेल्या कोबीची कोशिंबीर, लिंबाची फोड, अंड्याच्या मेयोनेजमध्ये काकडीचे लोणचे घालून केलेला टार्टर सॉस, आणि बटाट्याचा एक प्रकार. या शेवटच्या बाबतीत वाढणारी आपल्याला विचारेल: फ्रेंच फ्राय की पोटॅटो पॅनकेक? उत्तर पॅनकेक असेच द्यावे. हा किसलेल्या बटाट्याचा, कडेने कुरकुरीत, आत मऊ असा जर्मन प्रकार आपल्या बटाट्याच्या थालीपिठाचा लांबचा भाऊ शोभतो. तो सफरचंदाच्या गोड सॉसबरोबर खातात, आणि ते ऐकायला जितके विचित्र वाटते तितके तोंडात लागत नाही. लोण्याबद्दलही एक गंमत सांगते. हे दुधाचे राज्य असल्यामुळे इथे पिवळ्या रंगाचे मार्जरीन विकण्यावर १८९५ पासून १९६७ पर्यंत बंदी होती आणि लोक इलिनॉयला जाऊन ते चोरून आणत. आजही उपाहारगृहात गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय लोण्याऐवजी ते वाढता येत नाही.

माशांत तीन नावे लक्षात ठेवावीत. कॉड सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा. तो समुद्री, जाड वड्यांचा आणि चवीला सौम्य असतो. वॉलआय हा गोड्या पाण्यातला, थोडा महाग आणि अधिक रुचकर. आणि यलो पर्च हा बोटभर लांबीच्या पातळ तुकड्यांचा गोडसर मासा, जो इथल्या जुन्या माणसांच्या मते खरा फिश फ्राय. हा पर्च एकेकाळी समोरच्या सरोवरातलाच असे. नव्वदच्या दशकात त्याची संख्या इतकी घटली, की १९९६ साली मिशिगन सरोवराच्या विस्कॉन्सिनकडील पाण्यात, ग्रीन बे हा उपसागर सोडून, त्याची व्यापारी मासेमारी बंद झाली, आणि आता ताटात येणारा पर्च बहुधा कॅनडाच्या बाजूने, ईरी सरोवरातून येतो. म्हणून ‘स्थानिक मासा’ या शब्दांवर फार भाळू नये. कॉडची थाळी सध्या साधारण पंधरा ते वीस डॉलरला आणि पर्चची वीसच्या पुढे पडते.

आता सुरमई-बोंबलावर वाढलेल्या जिभेला हे कसे लागेल? अळणी लागेल, हे आधीच सांगते. हळद नाही, तिखट नाही, आगळ नाही. पण मासा ताजा तळलेला असतो आणि पिठाचा थर चांगल्या ठिकाणी पातळ असतो. मी पर्समध्ये तिखट-मिठाची एक डबी ठेवते आणि लिंबू पिळून वरून भुरभुरते. पूर्वी हे मी चोरून करत असे. एकदा शेजारच्या स्टुलावरील पांढऱ्या मिशीच्या गृहस्थांनी ते पाहिले, डबी मागून घेतली आणि त्यानंतर कित्येक शुक्रवार ‘तो लाल मसाला आणला का’ अशी चौकशी केली.

आपल्या पत्नीचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्यावर गोड बोलण्यात अर्थ नाही. आमच्या सासूबाई तीन महिने इथे होत्या, त्याही अंडे न खाणाऱ्या, तेव्हा मी या शहरातील स्वयंपाकघरांची उलटतपासणीच घेतली. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात इथे अंडे बसते. त्यामुळे पोटॅटो पॅनकेकमध्ये अंडे असते, कोबीच्या कोशिंबिरीत मेयोनेजमुळे असते, तळणीच्या पिठात असू शकते. निष्पाप दिसणाऱ्या भाजलेल्या घेवड्यात बेकन, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, असते. एका ठिकाणी वाढणाऱ्या मुलीने ‘यात मांस नाही, फक्त बेकन आहे’ असे मला अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले होते. चीजच्या सुपात कोंबडीचा अर्क, कांद्याच्या सुपात गोमांसाचा अर्क, मेक्सिकन घेवड्यात डुकराची चरबी, आणि ब्लडी मेरी या टोमॅटोच्या पेयात वूस्टरशायर सॉसमधून आलेला मासा. चीज कर्ड स्वतः शाकाहारी असले तरी ते ज्या तेलात तळतात त्याच तेलात शुक्रवारी मासाही तळला जातो. चीज विरजताना वासराच्या पोटातले रेनेट वापरले की सूक्ष्मजीवांपासून केलेले, हेही घर कडक असेल तर विचारावे लागेल.

मग खायचे काय? ताजे, न तळलेले चीज कर्ड हा या राज्याचा खरा मेवा आहे. ते एक-दोन दिवसांचे असतील तर चावताना दातांखाली नव्या कोल्हापुरी वहाणेसारखे करकरतात. तो आवाज गेला की ताजेपणा गेला. प्रेत्झेल मोहरीच्या सॉसबरोबर बहुधा निर्धोक असतो. दक्षिणेकडील वॉकर्स पॉइंट भागात आणि नॅशनल अ‍ॅव्हेन्यूच्या आसपास मेक्सिकन वस्ती जुनी आहे. तिथल्या साध्या खाणावळींत मक्याच्या रोट्या, अ‍ॅव्होकॅडोची चटणी, भात आणि भाज्या मागून घेता येतात, तिखटही असते, आणि सासूबाईंना मक्याची रोटी भाकरीच्या जवळची वाटली. दोन वाक्ये पाठ करावीत: ‘यात अंडे आहे का?’ आणि ‘मासे वेगळ्या तेलात तळता का?’ दुसरे विचारल्यावर वाढणारी आत जाऊन विचारून आली तर ती जागा चांगली. उभ्या उभ्या ‘काळजी करू नका’ म्हणाली तर काळजी करावी. भारतीय जेवणासाठी पश्चिमेला ब्रुकफील्डच्या बाजूला जावे लागते, आणि त्याच दिशेने पुढे प्यूवॉकीला हिंदू मंदिर आणि जैन मंदिर एकाच आवारात आहेत. तिथे ओळखी झाल्या की घरगुती डब्यांची सोयही कळते.

मुलीची काळजी करू नये. या शहरात तिचे सर्वांत चांगले चालेल. ‘रूट बिअर’ या नावाला घाबरू नका, त्यात मद्य नसते. इथलीच स्प्रेकर कंपनी ती मध घालून करते, आणि चव थोडीशी आपल्या खोकल्याच्या औषधाच्या वळणावर जाते, पण मुलांना दुसऱ्या घोटाला आवडते. टॅव्हर्नमध्ये मुलांसाठी ‘किडी कॉकटेल’ म्हणून लाल सरबत चेरी टाकून देतात. आणि मग फ्रोझन कस्टर्ड, ज्याबद्दल इथले लोक बिअरपेक्षा अधिक हमरीतुमरीवर येतात. दिसायला आइसक्रीम, पण अधिक दाट, कमी हवेचे आणि गुळगुळीत. गिलीज हे दुकान १९३८ पासून, लिऑन्स १९४२ पासून चालू आहे, आणि कॉप्स या तिसऱ्या दुकानाच्या ‘आजचा स्वाद’ची यादी महिन्याभराची आधीच लागते, आमच्या घरी ती फ्रिजवर चिकटवलेली असते. मात्र पत्नीसाठी पुन्हा तीच सूचना: अमेरिकेच्या नियमानुसार कस्टर्ड म्हणवून घ्यायचे तर त्यात अंड्याच्या बलकाचा घनांश किमान १.४ टक्के असावाच लागतो. तेव्हा त्यांच्यासाठी तिथे सरबत किंवा बर्फाचा गोळा पाहावा. गोमांस वर्ज्य असेल तर कस्टर्डच्याच दुकानांत मिळणाऱ्या, लोण्याने निथळणाऱ्या बर्गरकडेही दुर्लक्ष करावे लागेल. माझे पती ते करतात आणि दर वेळी सुस्कारा टाकतात.

कचेरीच्या मंडळींबरोबर जाणे आवश्यक आहे का, असे आपण विचारले आहे. आवश्यक नाही, पण जावे. तिथे कामाच्या गोष्टी फारशा होत नाहीत, आणि ज्या होतात त्या बैठकीत कधीच होत नाहीत. प्यालेच पाहिजे असे मुळीच नाही. सोडा आणि लिंबू मागितले तर कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही, आणि बरेच बार्टेंडर त्याचे पैसेही घेत नाहीत. पिणार असाल तर राज्याचे लाडके पेय ब्रँडी ओल्ड फॅशन्ड. देशभर ते व्हिस्कीने करतात, इथे ब्रँडीने, संत्र्याची फोड आणि चेरी साखरेत चेचून. ‘स्वीट, सावर की प्रेस?’ असा उलट प्रश्न येईल: स्वीट म्हणजे वर गोड लिंबू सोडा, सावर म्हणजे आंबट, प्रेस म्हणजे निम्मा गोड आणि निम्मा साधा. आपल्यासमोर अचानक एखादी लाकडी टिकली किंवा उपडा ठेवलेला लहान पेला आला, तर कोणीतरी आपल्यासाठी एका पेयाचे पैसे भरले आहेत असा त्याचा अर्थ. ते घ्यायचे नसल्यास टिकली खिशात टाकून ‘पुढच्या वेळी’ म्हणता येते, पण परतफेडीची वेळ आली की ती चुकवू नये. लेकफ्रंट ब्रुअरी पाहायला नक्की जा: नदीकाठच्या तिच्या सभागृहात शुक्रवारी मासे खाताना पोल्का हे नाचाचे संगीत वाजते, आणि तिथे ‘न्यू ग्रिस्ट’ नावाची बिअर चक्क ज्वारी आणि तांदळापासून करतात. सोलापूरकडच्या माणसाला ती पाजून त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

एका बाबतीत मात्र हयगय नको. रक्तातील मद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे. विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा पिऊन गाडी चालवताना सापडणे हा सहसा फौजदारी गुन्हा धरत नाहीत, फक्त दंड आणि परवान्याचे निलंबन होते, त्यामुळे इथली माणसे ते हलक्यात घेताना दिसतील. आपण तसे करू शकत नाही. व्हिसावर असलेल्या माणसाला नुसती अटक झाली, गुन्हा सिद्धही झाला नाही, तरी परराष्ट्र खाते त्याचा व्हिसा रद्द करू शकते, आणि मग पुढच्या भारतभेटीनंतर परतताना नव्या व्हिसासाठी वैद्यकीय तपासणीसह सारे सव्यापसव्य करावे लागते. दोन घेतल्या असतील तर गाडी तिथेच ठेवावी. रात्री दोन ते सहा रस्त्यावर गाडी ठेवायला शहरात परवाना लागतो, पण एखाद्या रात्रीपुरती परवानगी महापालिकेकडे मागता येते. शहराच्या मध्यभागातून थर्ड वॉर्ड या भागाकडे जाणारी ‘द हॉप’ नावाची ट्राम २०१८ पासून चालू आहे आणि तिला तिकीट नाही. आपले घर त्या मार्गावर मिळाले तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

आणखी एक, वेळेबद्दल. पुण्यात आठला घराबाहेर पडून नऊला टेबल मागण्याची सवय असते. इथे शुक्रवारी आठ वाजता पर्च संपलेला असतो आणि नऊला अनेक स्वयंपाकघरे बंद होतात. डिसेंबरात दिवस साडेचारपूर्वीच मावळतो, तेव्हा पाचचे जेवण तितकेसे चमत्कारिकही वाटत नाही. लेंटच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, गर्दी दुप्पट असते. तेव्हा चर्चच्या तळघरांत आणि माजी सैनिकांच्या सभागृहांतही फिश फ्राय लागतो, तो स्वस्त असतो आणि शेजाऱ्यांशी ओळख व्हायला याहून सोपी जागा नाही.

ऑगस्टमध्ये आल्यावरचा पहिला शुक्रवार आमच्याबरोबर काढा. वेस्ट अ‍ॅलिसला १९२४ पासूनची केगल्स इन नावाची जर्मन जागा आहे, रंगीत काचांची आणि भिंतींवर चित्रे काढलेली. तिथे साडेचारला पोहोचावे. येताना पासपोर्ट बरोबर असू द्या, कारण बिअर मागितली की केस पांढरे असले तरी वयाचा पुरावा मागतात आणि महाराष्ट्राचा वाहन परवाना बहुतेक ठिकाणी चालत नाही. दारात नाव नोंदवून काउंटरपाशी उभे राहायचे, अर्धा तास तरी लागेल, तो सर्वांना लागतो. पत्नीसाठी काय करता येईल ते मी आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवीन. तिखटाची डबी माझ्याकडे आहे.